पाहुण्यांसाठी राखलेली भाषा

चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाचा चेहरा सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. लोक त्याच्या हातांकडे बघतात आणि वाट मोकळी झाली की निघून जातात. या हवालदारांचे हात मात्र लोकांच्या लक्षात राहिले होते. त्या चौकात सिग्नलचे दिवे होते, पण चालू असण्यापेक्षा बंद असण्याचीच त्यांना जास्त सवय होती. त्यामुळे मधल्या गोल चौथऱ्यावर, पत्र्याच्या छत्रीखाली, हवालदार उभे. थांबवायचं असलं की त्यांचा तळवा असा उभा राहायचा की ट्रक सोडाच, चालत्या माणसाचंही पाऊल अडावं. आणि सोडायचं असलं की त्या बाजूला पुरतं वळून, हात लांब करून, कोपरातून दुमडत ते छातीशी आणायचे. कुणाच्या हातून काहीतरी जपून घ्यावं, तसा. रोजच्या येण्याजाण्यातला एक ट्रकवाला म्हणायचा, "बाकीचे हाकलतात, हे बोलावतात."

हवालदारांची आणखी एक ओळख होती आणि ती चेष्टेची होती. दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याभोवती, आपल्यासारखा विचार करणारे जीव आहेत आणि ते एक ना एक दिवस इथे येतील, अशी त्यांची खात्री होती. उडत्या तबकड्यांच्या बातम्यांना ते भीक घालत नसत. "फोटो हललेला असतो आणि काढणारा त्याहून हललेला," असं म्हणून वर्तमानपत्र बाजूला सारायचे. त्यांची खात्री वेगळ्या ठिकाणाहून आली होती. नोकरीला नुकते लागलेले असताना एका सुट्टीच्या दिवशी ऐन तिन्हीसांजेला शहराची वीज गेली. रस्ते रिकामे. चौथऱ्यावर उभं राहून थांबवायला कुणी नाही की सोडायला कुणी नाही. करमेना म्हणून त्यांनी वर पाहिलं, तर आभाळभर तारे. त्यांच्या मनात आलं, एवढा पसारा आहे, एवढे रस्ते आहेत. यातल्या एकाही रस्त्यावरून कुणीच येत नसेल, असं कसं होईल?

हा प्रश्न त्यांना पुरा जन्म पुरला.

चौकाच्या कोपऱ्यावर घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दर रविवारी दुपारी दुकानाची फळी अर्धी ओढून आतल्या खोलीत तिघं जमायची. हवालदार, स्वतः घड्याळवाले आणि शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. शेजारच्या टपरीवरून चहा यायचा. चहावाल्यानेच त्यांना 'पाहुणे मंडळ' असं नाव ठेवलं होतं. कपबशा ठेवताना तो हटकून विचारायचा, "मग? आज किती पाहुणे? चहा वाढवू का?"

बाईंचा स्वभाव आकड्यांचा. त्या म्हणायच्या, "आपल्या एकट्या आकाशगंगेत हजारो कोटी तारे. त्यातल्या कितीतरी ताऱ्यांना ग्रह. एवढ्या ठिकाणी फक्त आपल्याच घरी अक्कल वाटली गेली, हे मला पटत नाही."

"आपल्याही घरी वाटली गेली, हे तरी कुठे पटतंय?" घड्याळवाले डोळ्याचं भिंग न काढता म्हणायचे.

"मग येत का नाहीत ते?" हवालदार विचारायचे. उत्तर माहीत असलं तरी त्यांना बाईंच्या तोंडून ऐकायला आवडायचं.

"अहो, अंतर! सगळ्यांत जवळच्या ताऱ्याचा उजेडच आपल्याकडे यायला चार वर्षांच्या वर घेतो. माणूस निघाला तर त्याची नातवंडंसुद्धा पोहोचायची नाहीत."

"आणि वेळ जमायला नको का?" घड्याळवाल्यांचा मुद्दा ठरलेला. "समजा, ते येऊन गेले. तेव्हा इथे माणूस नव्हताच. किंवा ते येतील तेव्हा आपण नसू. दोन घड्याळं चालू आहेत, पण एकाचं एकाला ठाऊक नाही. काय करणार?"

हवालदार हे सगळं मान्य करायचे आणि मग आपलं म्हणायचे, "पण आले तर? आले तर त्यांच्याशी बोलायचं कसं, त्याची तयारी नको?"

या प्रश्नावर मंडळात कायमचे तीन पक्ष होते. बाई म्हणायच्या, आकड्यांनी बोलावं. दोन आणि दोन सगळीकडे चारच. घड्याळवाले म्हणायचे, ठोक्यांनी. हवालदारांचं म्हणणं, हातांनी. आवाज गाडीच्या काचेतून आत जात नाही, पण हात कुणालाही दिसतो, हा त्यांचा अनुभव होता.

"पण त्यांना हातच नसले तर?" बाई विचारायच्या.

"तोंड तरी असेल कशावरून?" हवालदार म्हणायचे. "हलेल असं काहीतरी असेलच की. शेपूट असली तर शेपटीनं उत्तर देतील. आपल्याला कळल्याशी कारण."

आणि ते खरोखर तयारीला लागले. 'मी', 'तू', 'थांबा', 'भिऊ नका', 'पाणी', 'इथे बसा' अशा एकेक खुणा त्यांनी ठरवल्या. अनोळखी जिवाचा गैरसमज होऊ नये म्हणून प्रत्येक खूण तासून तासून साधी केली. कपाटाच्या आरशासमोर उभे राहून ते सराव करायचे. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, आरशातले पाहुणे जेवूनच जाणार असतील, तर आधी सांगा."

हे सगळं चाललेलं असताना घरात ताई होती.

ताई म्हणजे हवालदारांची मोठी बहीण. जन्मापासून तिला ऐकू येत नसे, त्यामुळे बोलणंही आलं नाही. तिच्या लहानपणी अशा मुलांची शाळा जवळपास नव्हती. आई आणि ती, दोघींनी मिळून आपल्या आपण खुणा रचल्या होत्या. कुठे शिकलेल्या नव्हेत, घरात उगवलेल्या. दुधाची एक, शेजारणीची एक, खोटं बोलणाऱ्या माणसाची एक. दोघी दारात बसून तासन्‌तास हातांनी बोलायच्या, आणि मधेच अशा हसायच्या की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, आपल्यालाच हसल्या. बहुतेक वेळा ते खरंही असायचं. शिवणकामात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यावर दोघींचं भागायचं.

हवालदार लहान असताना त्या खुणांतल्या दोन-चार त्यांना यायच्या. पुढे मित्र आले, शाळा आली, नोकरी आली, लग्न होऊन सरकारी क्वार्टर मिळाला. मध्ये आई होतीच. ताईला काही सांगायचं असलं तर आईला सांगायचं. ताईचं काही असलं तर आई सांगायची. सोय चांगली होती.

आई थकली, तेव्हा तिने एकदा त्यांना जवळ बसवून म्हटलं, "तिला बोलायला माणूस लागतं रे. मी आहे तोवर शिकून घे. रोज थोडा वेळ ये, मी दाखवते."

"येतो ना. रविवारी बसू."

रविवारी मंडळ असायचं. पुढच्या रविवारीही होतं. आईने पुन्हा म्हटलं नाही. तिचा तो स्वभाव नव्हता. आणि मग एके सकाळी ती गेलीच.

ताई भावाकडे राहायला आली. बायको वाईट नव्हती. "वन्सं, वन्सं" करत तिचं सगळं करायची, मोठ्याने बोलायची, ताईला ऐकू येत नाही हे आठवलं की आणखी मोठ्याने बोलायची. ताई खिडकीशी मशीन मांडून शिवत बसायची. संध्याकाळी हवालदार ड्यूटीवरून आले, की ती मशीन थांबवून उठायची, समोर येऊन उभी राहायची आणि तिचे हात सुरू व्हायचे. भरभर, कितीतरी वेळ. हवालदार टोपी काढत मान डोलवायचे. शेवटी ती एकच खूण करायची. दोन बोटं भावाकडे लांब करायची आणि दुमडत हळूच स्वतःच्या छातीशी आणायची. मग थांबून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची.

"काहीतरी मागतायत वन्सं," बायको म्हणायची.

हवालदारांनाही तसंच वाटायचं. दे, असं म्हणते आहे. पण काय दे? एकदा त्यांनी नवी कात्री आणून दिली. ताईने ती घेतली, हसून बाजूला ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच खूण केली. त्यांनी दोऱ्याची रिळं आणली. शाल आणली. बिस्किटं आणली. आणखी एक कात्री आणली. ताई प्रत्येक वस्तू घ्यायची, आणि पुन्हा तेच.

"घरात शिंप्याचं दुकान निघेल," बायको म्हणाली, "पण त्यांना हवंय ते काही सापडायचं नाही तुम्हाला."

मग हवालदारांनी आणणं सोडलं. संध्याकाळी ताईचे हात थांबले, ती खूण झाली, की ते तिच्या खांद्यावर थोपटायचे आणि हातपाय धुवायला निघून जायचे.

एकदा ते आरशासमोर 'भिऊ नका' ही खूण घोटत होते. मागे वळून पाहिलं, तर ताई दारात उभी. चेहरा उजळलेला. भावाचे हात हलताना तिने किती वर्षांनी पाहिले असतील कोण जाणे. ती धावत पुढे आली, हातांनी काहीबाही बोलली आणि ती खूण केली, पुन्हा पुन्हा केली, हसत केली. हवालदारांना वाटलं, आपली नक्कल करते आहे. चौकात पोरंटोरं करतात ती त्यांना चालायची, घरात लागली. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. ताई गेली. त्यानंतर ते दार लावून सराव करू लागले.

निवृत्ती आली आणि क्वार्टर सोडावा लागला. मिळाली ती जागा लहान. एक खोली आणि स्वयंपाकघर. ताईचं मशीन कुठे ठेवायचं यावर नवराबायकोची बरीच बोलणी झाली आणि ती मशीनपाशी न थांबता ताईपर्यंत गेली. दुसऱ्या शहरात कर्णबधिर बायकांची एक संस्था होती. राहायची सोय, शिवणाचं काम, सगळं व्यवस्थित. हवालदार जाऊन पाहून आले. चांगलीच जागा होती. फक्त ताईला विचारायचं राहिलं; विचारणार कसं?

पेटी भरताना ताईने आधी हसून मदत केली. तिला वाटलं असावं, सगळेच निघालेत. संस्थेच्या फाटकात पेटी खाली ठेवून हवालदार परत वळले, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तिचे हात सुरू झाले. असे ते कधीच चालले नव्हते. आणि मग ती खूण. दोन बोटं भावाकडे, तिथून छातीशी. एकदा, दोनदा, तीनदा. बसची वेळ झाली होती. त्यांचे डोळे भरून यायला लागले होते आणि ते फाटकात भरून यायला नको होते. हवालदारांचा हात आपसूक वर गेला. तळवा उभा. चौकातला.

ताईची बोटं अर्ध्या वाटेत थांबली. तिने हात खाली घेतले.

त्यानंतर ते बरेच महिने तिकडे गेले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ. मंडळात जात होते, पण तिथेही पूर्वीसारखे बोलत नव्हते. संध्याकाळी घरी आल्यावर दारातून आत पाऊल टाकलं की ते क्षणभर उगाच उभे राहायचे. समोर कुणी येत नसे. ती काय मागत होती? हा एकच प्रश्न मनात घर करून बसला. वर्षानुवर्षं एक माणूस समोर उभं राहून एकच गोष्ट मागतं आणि आपल्याला ती देता येत नाही, ही कसली शिक्षा? शेवटी एक दिवस त्यांनी बायकोला सांगितलं, "मी ताईला विचारून येतो."

"विचारणार कसं?" ती म्हणाली. मग तिने डबा भरून दिला.

संस्थेत ते पोहोचले, तेव्हा बायकांची मधली सुट्टी चालली होती. पटांगणात बाकांवर घोळके बसले होते आणि आवाज मात्र कसलाच नव्हता. सगळीकडे हात. हवालदार फाटकाशी उभे राहिले. आयुष्यभर ज्याची कल्पना केली, ते असंच काही असणार, असं त्यांना वाटून गेलं; फक्त पाहुणे आपण आहोत.

ताई एका घोळक्याच्या मधोमध होती. काहीतरी रंगवून सांगत होती आणि बाकीच्या पोट धरून हसत होत्या. हातांची चाल निराळी होती. आईची नव्हे, इथली. भाऊ दिसताच ती उठून आली. रागावलेली नव्हती. थोडी अनोळखी झाली होती, एवढंच. एकीच्या हातात त्यांनी आणलेल्या कात्र्यांपैकी एक कात्री दिसली.

संस्थेतल्या शिकवणाऱ्या मॅडम मध्ये बसल्या. हवालदारांनी ती खूण करून दाखवली. "हे काय आहे? ही नेहमी मला असं करायची."

मॅडमनी ताईकडे पाहिलं, मग मान हलवली. "ही आमच्यातली खूण नाही. थांबा, विचारते."

बराच वेळ दोघींचे हात चालले. मॅडमना दोनतीनदा उलटून विचारावं लागलं. मग त्या म्हणाल्या, "त्या म्हणतात, ही घरची खूण आहे. आई आणि त्यांची. एकीचं सांगून झालं की दुसरीला ही खूण करायची. म्हणजे, आता तू. आता तू बोल."

हवालदारांनी ती खूण पुन्हा एकदा सावकाश करून पाहिली.

"आणि ही त्यांनी तुमच्याकडूनच घेतली म्हणे. तुम्ही नवीन नवीन चौकात उभे राहायला लागलात, तेव्हा आई त्यांना बघायला घेऊन यायची. कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं का? त्याच्या पत्र्याखाली दोघी उभ्या राहायच्या. एका बाजूला थांबवून तुम्ही दुसऱ्या बाजूला कसं बोलावता, ते त्यांना फार आवडलं. आईला म्हणाल्या, आपणही असंच करू. ज्याची पाळी, त्याला बोलवायचं."

हवालदारांनी दोन बोटांकडे पाहिलं. पुऱ्या हाताची खूण दोन बोटांत आणली, छातीशी आणली, घरात मावेल एवढी केली, आणि ज्याची होती त्यालाच ओळखता आली नाही.

"तिला विचारा," ते कसंबसं म्हणाले, "मी कधीच काही बोललो नाही. मग तिला काय वाटायचं?"

मॅडमनी विचारलं. ताईने खांदे उडवले आणि छोटंसं उत्तर दिलं. मॅडमना हसू आलं, आणि मग ते आवरावं लागलं.

"त्या म्हणतात, वाटायचं, सिग्नल लाल आहे. सुटेल."

ताईने भावाकडे पाहिलं आणि सवयीने, की मुद्दाम, दोन बोटं पुढे करून छातीशी आणली.

हवालदारांनी हात वर केले. चौकात हजारो गाड्या ज्यांच्यावर चालल्या, ते हात. आणि त्यांच्या लक्षात आलं, त्यांत काहीच नाही. मॅडम म्हणाल्या, "बोला ना, मी सांगते त्यांना." ते "नको" म्हणाले. आणि मग येत होतं तेवढं त्यांनी केलं. मी. तू. भिऊ नका. पाणी. दुसऱ्या ग्रहावरच्या कुणासाठी घोटून घोटून साध्या केलेल्या खुणा.

ताई लक्ष देऊन बघत होती. शेवटची खूण झाली तशी ती उठली, आत गेली आणि पेला भरून पाणी घेऊन आली. हवालदारांना तहान नव्हती. त्यांनी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं. तेवढ्यात भिंतीवरचा दिवा लुकलुकला, तीच तिथली घंटा, आणि ताई मैत्रिणींबरोबर कामाला गेली. रिकामा पेला कुठे ठेवायचा, ते त्यांना बराच वेळ सुचलं नाही.

त्या रविवारी मंडळात बाई म्हणाल्या, "आपण इतकी वर्षं आकाशात संदेश सोडतोय. उत्तर नाही. कधी कधी वाटतं, खरंच कुणी नाही."

हवालदार चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "बाई, आलेही असतील. समोर उभं राहून सगळं सांगितलं असेल, शेवटी 'आता तुम्ही' म्हणाले असतील. आणि आपण हातपाय धुवायला निघून गेलो असू."

घड्याळवाले हसायला लागले होते. हवालदारांचं तोंड पाहून थांबले.

संस्थेत शनिवारी नातेवाइकांसाठी वर्ग असतो. आता हवालदार त्याला जातात. वर्गात सगळे तरुण आईबाप; म्हातारे हेच. मॅडम त्यांना सारख्या टोकतात, "हात लहान करा. समोर ट्रक नाहीये." चौथऱ्यावर मोठे झालेले हात लहान होता होत नाहीत. तरी हळूहळू येतंय. ते शिकतात ती भाषा आईची नव्हे. आईची आता ताईलाही पुरती आठवत नाही. दुसरं माणूस नसलं की ती राहणार तरी कुठे?

परवा त्यांनी पहिल्यांदा मॅडमना न घेता एक अख्खा प्रश्न ताईला विचारला. चुकत-माकत, दोनदा पुसून पुन्हा मांडावा तसा. क्वार्टरमध्ये असताना रोज संध्याकाळी मी आलो की तू मला काय सांगायचीस?

आणि दोन बोटं छातीशी आणून तिला पाळी दिली.

ताईने आठवून पाहिलं. खरंच मनापासून आठवून पाहिलं. मग तिने एकच खूण केली. ती त्यांना येत नव्हती, म्हणून त्यांनी वळून मॅडमना विचारलं.

"त्या म्हणतायत," मॅडम म्हणाल्या, "रोजचंच काहीतरी."